मामांची वस्तू

मेलेल्या माणसाच्या खोलीला वर्ष होईस्तोवर कुलूप असतं, आणि ते आधी काढायचं झालं तर कुळाच्या म्हाताऱ्यासमोर जिनची बाटली ठेवावी लागते. आमच्या डोंगरावरच्या अबेतिफी गावात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. बाटली म्हणे पितरांसाठी. पितरांना उंबऱ्यावर चार थेंब मिळाले, उरलेली बाटली म्हाताऱ्याने पितरांच्या वतीने काखेत मारली, आणि वर बाटली आणणाऱ्या बिरागोलाच सुनावलं, की वर्ष भरायच्या आत भावाच्या वस्तूला हात लावतेस, पुढचं तुझं तू निस्तर.

बिरागो निस्तरायला कोणाच्या बापाला भ्यालेली नव्हती. कुळातली सगळ्यात थोरली बाई ती. शाळेत दुसरीपर्यंत गेली, तिथे मास्तरणीची चूक तिने काढली आणि मग शाळेला तिची गरज उरली नाही, असं ती सांगते. खोली होती तिच्या पाठच्या भावाची, आसिएदू मास्तरची. आणि खोलीतून तिला हवा होता फक्त लॅपटॉप.

कारण धाकटी लेक फ्रेमा. तिला सुईणपणाच्या कॉलेजातून बोलावणं आलं होतं. मुलाखत शुक्रवारी सकाळी, संगणकावर, बंद खोलीत, एकटीने. फोनवरून चालणार नाही. मागल्या खेपेला फ्रेमाचं नाव थोडक्यात हुकलं होतं, आणि वयाची अट अशी, की या खेपेला हुकलं तर पुढे बाजारात बहिणीच्या दुकानात कापडं मोजायची. बिरागोने कॉलेजच्या कचेरीत फोन लावून विचारलं, की आमच्याकडे संगणक नसेल तर? तिकडच्या बाईने थंडपणे सांगितलं, की अडचण असेल तर आमच्या वेबसाइटवर संगणकावरून कळवा. म्हणजे विहिरीत पडलेल्याने आधी वर यायचं, आणि मग मी पडलोय म्हणून अर्ज द्यायचा.

शेजारी निवृत्त पोस्टमास्तर क्वाफो राहतो. त्याच्या छपरावर थाळी आहे आणि घरात बिनतारी नेट. त्याने मोठ्या मनाने नेटचा परवलीचा शब्द दिला. वर हेही सांगितलं, की हा शब्द कुणाला सांगू नका, तो शब्द त्याच्या पहिल्या बायकोचं नाव आहे आणि दुसरीला ते माहीत नाही. एवढं सगळं जुळलं. फ्रेमाने लॅपटॉप मास्तरांच्या टेबलावर पुसूनबिसून ठेवला आणि चालू केला.

पडद्यावर एक पक्षी आला. पांढऱ्या पोटाचा, काळ्या पाठीचा, अगदी मयताला जाताना घ्यायचं काळं कापड पांघरून अंगणात बसलेल्या म्हाताऱ्यासारखा. मास्तर शाळेत संगणक शिकवायचा. सगळं जग जी प्रणाली वापरतं ती त्याला चालत नसे. ही पक्ष्याची त्याला प्यारी, कारण हिचं पोट उघडून बघता येतं. ज्या वस्तूचं पोट उघडून बघता येत नाही ती माझ्या यंत्रात नको, असं तो म्हणायचा. लग्नही त्याने बहुधा त्याच कारणाने केलं नाही.

पक्षी गेला. पडदा काळा झाला. बाहेर धुकं खिडकीला नाक लावून बसलेलं. आणि त्या बंद खोलीत आसिएदू मास्तर बोलला.

"माझी वस्तू कुठं आहे? जागेवर लावा."

आवाज तोच. वर्गात मागच्या बाकाला दरडावायचा तो. जरासा घोगरा, शेवटच्या शब्दावर खाली उतरणारा. बिरागोच्या हातातलं फडकं खाली पडलं. तिने ते उचललं आणि घडी घातली, पुन्हा घातली, मग आणखी एकदा घातली, आता घडी करायला फडकं उरेना. फ्रेमा पांढरी पडली होती, पण शिकलेली पोर, तिने लगेच सांगून टाकलं, की मामाने हे आपल्याच आवाजात भरून ठेवलंय. काहीतरी जोडलेलं सापडलं नाही की यंत्र हे वाक्य म्हणतं. बिरागो म्हणाली की तिला ते कधीच कळलं होतं. घाम आला तो खोली बंद होती म्हणून.

एवढ्यावर भागलं असतं. पण खिडकीबाहेर शेजारीण दुफी होती. दुफी कापडं विकते आणि बातम्या फुकट देते. तिच्या कानावर एक वाक्य पडलं की बाजारात पोचेपर्यंत त्याची चार होतात, त्यातली दोन शिवीची. संध्याकाळी जेवणाचा फुफू कुटायच्या आधी गावाला कळलं होतं, की मास्तर परत आलाय, खोलीत बसलाय, आणि नाव घेऊन घेऊन आपल्या वस्तू मागतोय.

दुसऱ्या दिवशी सकाळी बिरागोने दार उघडलं तर ओट्यावर एक छत्री. तिच्याशेजारी कुदळ. मग इस्त्री. एका पायाचा बूट, त्याचा जोडीदार आणखी कुणीतरी नंतर आणून ठेवला, म्हणजे दोन घरं एकेक बूट घेऊन बसली होती. भजनांचं पुस्तक आलं. एक कोंबडी आली, जी म्हणे मास्तरच्या कोंबडीची नात होती. दुफीने स्वतः मास्तरचा उंची रेशमी गळपट्टा आणून दिला आणि डोळ्याला डोळा न भिडवता म्हणाली, की जपून ठेवला होता. दुपारी धुक्यातून कुळाचा म्हाताराच आला, काठी टेकत. त्याने ओट्यावर मास्तरचं मनगटी घड्याळ ठेवलं आणि आला तसा विरघळून गेला.

बिरागोने एकेक वस्तू नेऊन टेबलावर मांडली. तिचा काही विश्वास होता अशातला भाग नाही. पण भावाला हवंच असेल तर नाही कशाला म्हणा. प्रत्येक खेपेला फ्रेमा यंत्र चालू करायची, पक्षी येऊन टकमक बघायचा, पडदा काळा व्हायचा, आणि छत्री, कुदळ, इस्त्री, कोंबडी, घड्याळ या सगळ्यांच्या मधोमध मास्तर पुन्हा तेच म्हणायचा.

"माझी वस्तू कुठं आहे? जागेवर लावा."

कोंबडीसुद्धा गप्प व्हायची.

एकटं पोर तेवढं खूश असायचं. हे पोर बिरागोच्या थोरल्या लेकीचं. मास्तर गेला आणि पाठोपाठ हे जन्मलं, म्हणून त्याला आसिएदूच नाव दिलं, आणि मामाचं नाव घेतलेल्या पोराला नावाने कोण हाक मारणार? सगळं घर त्याला मामा म्हणतं. मामा दूध प्याले का, मामांनी चादर ओली केली का, असं चालतं. तर हा मामा नुकता रांगायला लागलेला. तिकडे यंत्रातून आवाज आला, की इकडे हा जिथे असेल तिथे थबकायचा, मान वळवायचा, खदखदून हसायचा, आणि तुरुतुरु रांगत टेबलाच्या पायाशी येऊन हात वर करायचा. दर वेळेला टेबलाच्या डाव्या अंगाला.

ते बघून बिरागो पोराला झटकन उचलून काखेत घ्यायची. त्याला कारण होतं, आणि ते तिने कुणाला सांगितलेलं नव्हतं.

भावाला शेवटची आंघोळ तिनेच घातली होती. तेव्हा सदऱ्याच्या आत, गळ्यात, काळ्या दोऱ्यात ओवलेली एक वस्तू तिला सापडली. नखाएवढी, काळी, पुढे पत्र्याची चपटी जीभ. बिरागोला काय समजायचं ते समजलं. चर्चचा पंच, दर रविवारी ताईत-गंड्यांवर तोंडसुख घेणारा, लोकांच्या गळ्यातले दोरे तोडायला लावणारा आसिएदू मास्तर, आणि स्वतः सदऱ्याखाली ताईत बांधून फिरत होता. तिला राग आला, मग हसू आलं, मग कुळाची अब्रू आठवली. तिने ती वस्तू लुगड्यात खोचली. आणि तो ताईत काही साधा नसणार हेही तिने ताडलं. हाच माणूस शाळेच्या छपरावरून पडून उठून चालू लागला होता. म्हणून मामाच्या नावाचं पोर जन्मलं तेव्हा तिने ती लाल कापडात शिवली आणि पोराच्या कमरेच्या मण्यांत, त्याच काळ्या दोऱ्याने बांधून टाकली. आईने विचारलं तेव्हा सांगितलं, दृष्ट लागू नये म्हणून.

आता मास्तर वस्तू मागत होता. छत्री नको, घड्याळ नको. बिरागोला पक्कं कळून चुकलं होतं त्याला काय हवंय ते. आणि ताईत काढला तर उघड्या कमरेच्या पोराला न्यायला किती वेळ लागतो? तिने दोऱ्याला आणखी एक गाठ मारली.

मधल्या दिवसांत उपाय झाले नाहीत असं नाही. क्वाफोने सल्ला दिला की फोन तारेने यंत्राला जोडा. जोडला, पण फ्रेमाच्या फोनच्या तारेचं तोंड इतकं खिळखिळं, की कुणी शिंकलं तरी नेट जायचं. कुणी म्हणालं खाली पायथ्याच्या न्काव्काव्ह गावात नेटचा कॅफे आहे. आहे, पण त्याच्या अर्ध्या भागात न्हावी बसतो आणि दिवसभर कर्णा वाजतो. माझी लेक न्हाव्याच्या आरशासमोर बसून परीक्षा देणार नाही, असं बिरागोने जाहीर केलं, आणि तिने जाहीर केलेल्यावर अपील नसतं. पाद्री आला. त्याने यंत्रावर हात ठेवून प्रार्थना केली. यंत्राने ती संपू दिली आणि मग आपली वस्तू मागितली. पाद्र्याला एकदम आठवलं की त्याला कुठेतरी बारशाला जायचंय.

शेवटी गुरुवारी खालून लार्बी आला. लार्बीचं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे आणि भिंतीवर चौकटीत सर्टिफिकेट आहे. लोक गळपट्टा घालतात तसा तो तोंडावर नेहमी एक ज्ञानी कंटाळा घालून असतो. त्याने यंत्र उलटंसुलटं केलं. सांगितलं, की आतलं बिनतारी कार्ड चांगलं आहे, पण तुमच्या पक्ष्याला ते ओळखता येत नाही. ओळख करून द्यायला एक छोटा प्रोग्राम लागतो. तो कुठे मिळतो? नेटवर. आणि नेट कशाने येतं? कार्डाने. बिरागोने त्याच्याकडे असं पाहिलं, की तो पुढचं घाईघाईने बोलला. त्याने खालून पेनड्राइव्हच्या काडीत भरून एक प्रोग्राम आणला होता. यंत्राने तो थुंकून टाकला, जात वेगळी म्हणून.

"एकच इलाज आहे, आजी," लार्बी म्हणाला. "हे सगळं पुसून टाकतो. नवीन, लोकांसारखी प्रणाली भरतो. उद्या सकाळी लवकर येतो, मुलाखतीआधी तयार."

"सगळं म्हणजे?"

"सगळं. तो आवाजबिवाजही जाईल. तुमचीही सुटका."

गावाला हे फार आवडलं. दुफी म्हणाली, देव पावला. फ्रेमा खाली बघून बोटं मोडत राहिली. बिरागो म्हणाली, ठीक आहे. आणि मग दुपारभर ती त्या खोलीत काही ना काही कामाने जात राहिली. जाळं काढायला म्हणून गेली, तेव्हा यंत्र चालू केलं. छत्री हलवायला म्हणून गेली, तेव्हाही. बटण कुठलं ते तिने केव्हाच बघून ठेवलं होतं. दर खेपेला भाऊ दरडावायचा, आणि ती कोपऱ्यातल्या खुर्चीकडे बघत पुटपुटायची, "ओरडू नकोस. बहिरी नाही मी." भावाचा दुसरा आवाज या जगात कुठे उरला नव्हता. मयताच्या चित्रफितीत तो होता, पण तिथे तो गप्पच होता.

शुक्रवारी धुकं असं उतरलं की क्वाफोच्या छपरावरची थाळी दिसेना. लार्बी आला, हात चोळत. अंगणात दुफी, क्वाफो, त्याची दुसरी बायको, सगळे कसल्यातरी निमित्ताने जमलेले. फ्रेमा इस्त्रीचा पांढरा सदरा घालून यंत्रासमोर बसली, पुसण्याआधी मामाच्या काही फाइली त्यातून काढता येतात का बघत. बिरागो पोराला काखेत घेऊन दारात उभी.

"आई, हे बघ," फ्रेमा म्हणाली. "इथे मामा रोज काहीतरी लावायचा. ही जागा बघ कशी झिजलीये."

यंत्राच्या डाव्या कडेला एक चपटी खाच होती. बाकीच्या खाचा काळ्या, धुळीने भरलेल्या. ही एकटी चकचकीत, रोज किल्ली फिरवलेल्या कुलपासारखी. बिरागोने तिच्याकडे पाहिलं. पोराला रोज आंघोळ घालताना तिच्या बोटाला लाल कापडाआडून एक चपटी जीभ लागायची. जिभेची रुंदी बोटाला पाठ होती. तिने बोट खाचेवर ठेवलं.

रुंदी तीच होती हे तिला कळलं. मग म्हणाली, "सगळे बाहेर. लार्बी, तूही."

लार्बीने विचारलं की का. ती म्हणाली, घर माझं आहे म्हणून. दार लागलं, कडी बसली. मग खिडकीला जेवढी नाकं मावतील तेवढी लागली.

बिरागो खुर्ची ओढून बसली, पोराला मांडीवर घेतलं, आणि सुईने लाल कापडाची शिवण उसवायला लागली. सुई दोनदा निसटली, म्हणून ती पोरावर खेकसली की हलू नको, आणि पोर तर दगडासारखं स्थिर होतं. कापड गळून पडलं. फ्रेमाने वस्तू पाहिली आणि तिचं तोंड उघडंच राहिलं.

"आई. हे तर बिनतारी कार्ड आहे. बाहेरून लावायचं. ह्याचं पोट उघडून बघता येतं म्हणून मामा हेच वापरत असणार. तू हे..."

"मी काय ते नंतर विचार. लाव."

मण्यांसकट, दोऱ्यासकट, पोराला टेबलाला चिकटवून धरून फ्रेमाने ती काळी जीभ खाचेत सरकवली. तिच्यावर हिरवा ठिपका लागला, विझला, लागला. पोराने श्वास रोखून धरला होता. पडदा उजळला.

"हं. सापडली," मास्तर म्हणाला. "आता बसा सगळे."

बिरागो बसलेलीच होती, तरी जरा आणखी बसली. डोळ्यांना पदर लावायला वेळ नव्हता. पोर यंत्राला बांधलं गेलं होतं आणि मुलाखतीची घंटा वाजायला आली होती. टेबलावर मास्तरचं दाढीचं पातं होतं, ते तिने उचललं, दोरा ताणला.

"अगं, दोरा राहू दे."

तोच घोगरा आवाज. पातं तिथेच थांबलं. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. काही बोलायच्या आत पडद्यावर कॉलेजच्या तीन बायका उगवल्या.

मग व्हायचं तेच झालं. दोरा वीतभर, पोर त्याच्या टोकाला, आणि पोर धरायला कुणीतरी हवं. कुळातली सगळ्यात थोरली बाई, जिच्यासमोर म्हातारेही चपला काढून येतात, ती टेबलाखाली छत्री आणि कोंबडी यांच्यामध्ये उकिडवी बसली, दोन्ही हात वर करून नातवाला टेबलाच्या कडेला तोलून धरत. पडद्यात फ्रेमा दिसत होती, आणि तिच्या कोपराशी एक टक्कल.

मधल्या बाईने विचारलं, खोलीत कोण आहे, एकटीनेच बसायचं असं कळवलं होतं ना.

"माझे मामा आहेत, मॅडम," फ्रेमा म्हणाली.

"त्यांना बाहेर जायला सांगा."

"ते जाऊ शकत नाहीत, मॅडम. ते गेले तर नेट जाईल."

टेबलाखाली बिरागोने दातांनी ओठ धरला. मग मधली बाई जरा पुढे वाकली, टक्कल नीट बघितलं, मण्यांची माळ बघितली, तिथून यंत्राकडे गेलेला काळा दोरा बघितला. ती आमच्याच डोंगरावरची असावी. तिने मामांना आधी रीतीने नमस्कार केला, झोप लागली का विचारलं, आणि मगच फ्रेमाकडे वळली.

प्रश्न झाले. फ्रेमा एकदोनदा अडखळली. मग शेवटचा आला: मूल जन्मलं, रडलं, आई घाबरलेली, घरचे घाई करतायत. तू हातात कात्री घेतलीस. पुढे काय करशील?

फ्रेमाच्या कानात अजून तो आवाज होता. "थांबेन," ती म्हणाली. "नाळ धडधडत असेल तोवर कापणार नाही. पलीकडून अजून येत असतं."

मधल्या बाईने काहीतरी टिपून घेतलं आणि पहिल्यांदा हसली.

फ्रेमाला जागा मिळाली. लार्बीला नुसतं बघून परत जावं लागलं. त्याने वाटेत सगळ्यांना सांगितलं की कार्ड बाहेरचं असेल असा संशय त्याला पहिल्यापासून होता. वस्तू एकेक करून टेबलावरून ज्याच्या त्याच्या घरी परत गेल्या. घड्याळ तेवढं बिरागोने दिलं नाही. मास्तर ताईत बांधत नव्हता हे कळल्यावर तिची छाती फुगली, आणि आपण कधी तसं मानलं होतं हे ती सपशेल विसरली.

कॉलेजला जायच्या आदल्या दुपारी फ्रेमाने मामाचं यंत्र नीट उघडून पाहिलं. कपडे भरणाऱ्या आईजवळ ती येऊन उभी राहिली.

"आई, मामाने भरून ठेवलेली वाक्यं दोनच आहेत. वस्तू कुठं आहे, आणि सापडली, आता बसा. तिसरं नाहीच."

बिरागोने सदऱ्याची घडी घातली. खिडकीत दुफी होती. तिला विचारलं, त्या दिवशी काय काय ऐकलंस. दुफीने चर्चची शपथ घेऊन सांगितलं की दोनच वाक्यं ऐकली. जी दुफी आयुष्यात कधी एकाची चार केल्याशिवाय राहिली नाही, तिने.

खोलीत जरा गारठा आला. पोर जमिनीवर बसून आपल्या कमरेचा काळा दोरा बोटाला गुंडाळत होतं.

"मग ते न भरता बोलला असेल," बिरागो म्हणाली. "सगळं भरूनच बोलायला तो काय यंत्र होता?"

आणि तिने वाकून पोराच्या दोऱ्याची गाठ पाहिली. घट्ट होती. तिने मारलेल्या दोन गाठींच्या पुढे आणखी एक होती, ती कुणाची ते तिने विचारलं नाही.